तिसरी घंटा

सातपूरच्या शेडमध्ये आता एकोणीस आहेत.
विसावं देवळालीहून निघालंय, टेम्पोत, गोधडीत गुंडाळून.
सून विचारते, बाबा, ह्या लोखंडाचं भाडं कोण भरणार?
पेन्शन, मी म्हणतो,
आणि बिजागरीत दोन थेंब तेल सोडतो.

लोक येतात, फोटो काढतात,
दांडा ओढून बघतात. खट्, घर्रर्र, आणि मग एकेक करून
करवंद. लिंबू. जांभूळ.
ती खरी चेरी, आणि ते कुठलंसं विलायती आलुबुखार,
पण केकीशेटच्या दुकानात आम्ही पोरांनी
आपल्याला ठाऊक तीच फळं त्यात पाहिली.
घंटेला मात्र घंटाच म्हणायचो.

बासष्ट साली मी पंधराचा.
कॅम्पातल्या दुकानावर पाटी होती:
शिवणयंत्रे, ग्रामोफोन, वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.
मागच्या खोलीतलं काम पाटीवर नव्हतं.
गोरे जाताना मेसमध्ये टाकून गेलेली यंत्रं,
त्यांच्या सहा पेन्सांच्या फटीत
आमची पावली अशी बसायची
जणू टाकसाळीनं मापं घेऊन पाडलेली.

स्प्रिंगा शिकागोहून यायच्या, बोटीनं,
तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रात.
एकदा मी तो चुरगळलेला कागद सरळ केला:
फोटोत शिपाई, हातात घण,
पुढ्यात आमच्यासारख्याच यंत्रांचा ढीग.
केकीशेटनी चष्मा कपाळावर चढवला.
"तिकडे फोडते, इकडे जोडते.
धंदो छे, डिकरा. कानस आण."
मग एका वर्षी आमचंच पत्र परत आलं,
जांभळा शिक्का: ह्या पत्त्यावर कारखाना नाही.
त्यानंतर सायकलच्या स्टँडच्या स्प्रिंगा कापून भागवलं.

ऑगस्टीन लोबो बँडात क्लॅरिनेट वाजवायचा.
पहिल्या तारखेला, गणवेशातच, रुमालात पावल्या बांधून.
दोन घंटा यायच्या त्याला. पुष्कळदा.
तिसरीच्या जागी लिंबू.
"थांब रे," मला म्हणायचा,
"नाटकसुद्धा तिसऱ्या घंटेलाच सुरू होतं."
मी हसायचो.
मला हसायला हवं होतं का, हे अजून कळत नाही,
कारण तिसऱ्या चाकाच्या खाचेत
नखाएवढा पितळी अर्धचंद्र
मीच बसवला होता, ह्याच बोटांनी,
केकीशेटनी खडूनं खूण केली तिथे.
घंटा समोर आली
की चाक एक घर पुढे सरकायचं.
बस्स, एवढंच. कोणाला दिसत नसे.

नारोशंकराची घंटा पूर चढला की वाजते म्हणतात.
लोबोची बदली झाली, एकोणसत्तरच्या पुराआधीच.
जाताना त्यानं मला एक पावली दिली, खाऊला.
मी खर्च केली. भजी खाल्ली.

लोक विचारतात, हा नाद कसा लागला?
सांगतो काहीतरी. ओतीव लोखंड, जुनं निकेल,
आता असलं काम होत नाही, वगैरे.
खरंय तेही.
पण यंत्र आलं की आधी मागचं झाकण उघडतो,
विजेरी दातांत धरतो,
आणि तिसऱ्या चाकाच्या खाचेतून बोट फिरवतो.
एकोणीसपैकी अकरांत सापडला.
अकरा अर्धचंद्र, बामच्या बाटलीत.
हलवले तर घुंगरासारखे वाजतात, म्हणून हलवत नाही.

वीस घरं, तीन चाकं,
आठ हजारांतून एकदा, मी हिशेब केलाय.
रोज रात्री शेड बंद करताना एक दांडा ओढतो.
सात वर्षं झाली. आली नाही अजून.
पण आता जी येत नाही
ती प्रामाणिकपणे येत नाही.

टेम्पोवाल्याचा फोन. सिन्नर फाट्याला अडकलाय,
विचारतोय, आतमध्ये काहीतरी खुळखुळतंय, काका,
फुटलं तर नाही ना?

हळू आण, म्हटलं.